ईश्वराची अविकारिता व धर्मशिक्षणाची शास्त्रकसोटी

ईश्वराची अविकारिता : ख्रिस्ती ईश्वरविद्येतील एक मूलभूत सिद्धांत. ईश्वराचे सत्त्व, त्याचे गुण, त्याचा संकल्प व त्याची अभिवचने यांत कोणत्याही काळी वाढ, घट वा पालट होत नाही, असे तो सांगतो. धर्मगुरू, धर्मसभा वा उपदेशक जे शिकवितात ते बायबलच्या वचनांशी ताडून पाहावे, हा ख्रिस्ती परंपरेतील दुसरा दंडक. वरवर पाहता हे दोन स्वतंत्र विषय दिसतात. परंतु त्यांचा परस्परसंबंध निकटचा आहे. ईश्वर स्वतःशी विसंगत होत नाही असे मानले, तरच पूर्वी प्रकट झालेल्या वचनाच्या आधारे नंतरच्या शिकवणीची पारख करता येते. ज्याचे बोलणे पालटते, त्याच्या कालच्या शब्दावरून आजच्या शब्दाची परीक्षा करण्यात अर्थ उरत नाही. उलटपक्षी, अविकारितेचा सिद्धांत हीदेखील एक शिकवणच असल्यामुळे तीही याच कसोटीस उतरली पाहिजे, असा प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांपुढे वारंवार उभा राहिला. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात झालेले धर्मविषयक वाद, मराठीतील बायबलची भाषांतरे आणि विशेषतः नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोऱ्हे व पंडिता रमाबाई यांची चरित्रे यांतून या प्रश्नाच्या निरनिराळ्या बाजू स्पष्ट होतात.

संकल्पना : विकार म्हणजे एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणे. असे स्थित्यंतर अधिक चांगल्याकडे वा अधिक वाईटाकडेच संभवते. पूर्णत्वास पोहोचलेल्या तत्त्वास पहिले आवश्यक नसते व दुसरे शक्य नसते. म्हणून ईश्वर अविकारी, हा या सिद्धांताचा सर्वांत जुना व सोपा युक्तिवाद होय. भारतीय दर्शनांतील ‘कूटस्थ’, ‘निर्विकार’, ‘अव्यय’ या संज्ञा या अर्थाच्या जवळच्या आहेत. तथापि शांकर वेदान्तातील ब्रह्म निर्गुण मानले जाते व जगातील बदलांचा त्याच्याशी असलेला संबंध मायिक ठरतो. ख्रिस्ती विचारात मात्र ईश्वर सगुण, ज्ञानवान व इच्छावान आहे. तो जग निर्माण करतो, करार करतो, प्रार्थना ऐकतो, क्षमा करतो. असा क्रियावान ईश्वर अविकारी कसा, हा या सिद्धांतातील खरा पेच आहे. वारकरी परंपरेतही याचे एक सदृश रूप आढळते. अठ्ठावीस युगे विटेवर निश्चल उभा असलेला विठ्ठल भक्ताच्या हाकेला धावून येतो, अशी श्रद्धा तेथे आहे. भक्ताला या दोन्ही गोष्टी एकत्र मानण्यात अडचण वाटत नाही. ईश्वरविद्येला मात्र त्यांची संगती लावावी लागते.

बायबलमधील आधार : बायबलमध्ये अविकारितेचे पद्धतशीर विवेचन नाही, विखुरलेली वचने आहेत. मलाखी या संदेष्ट्याच्या ग्रंथात (३ : ६) परमेश्वर आपण पालटत नसल्याचे सांगतो आणि त्यामुळेच याकोबाचे वंशज नष्ट झाले नाहीत, असे त्यास जोडतो. गणना (२३ : १९) या ग्रंथात ईश्वर मनुष्यासारखा खोटे बोलणारा वा मन पालटणारा नाही, असे म्हटले आहे. स्तोत्र १०२ मध्ये आकाश व पृथ्वी वस्त्राप्रमाणे जीर्ण होतील, परंतु ईश्वर तोच राहील, अशी तुलना येते. नव्या करारात याकोबाच्या पत्रात (१ : १७) ईश्वरास प्रकाशांचा पिता म्हटले असून सूर्यचंद्रांच्या फिरण्याने पडणाऱ्या छायेसारखा पालट त्याच्या ठायी नाही, असे सांगितले आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ईश्वराचा संकल्प (६ : १७-१८) व येशू ख्रिस्त (१३ : ८) या दोहोंविषयी असेच प्रतिपादन आढळते. या वचनांचा रोख बहुधा ईश्वराच्या विश्वासार्हतेवर आहे : दिलेले वचन तो मोडत नाही, हे श्रोत्यांच्या मनावर ठसविणे हा त्यांचा हेतू दिसतो.

याउलट दिसणारी वचनेही तितकीच ठळक आहेत. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात मानवास निर्माण केल्याबद्दल ईश्वरास अनुताप झाल्याचे वर्णन आहे. निर्गमाच्या बत्तिसाव्या अध्यायात मोशेने रदबदली केल्यावर ईश्वर योजिलेले अरिष्ट आणीत नाही. योनाच्या ग्रंथात निनवे नगरातील लोकांनी पश्चात्ताप केल्यावर त्यांवरील शिक्षा टळते. सर्वांत लक्षणीय उदाहरण पहिल्या शमुवेलच्या पंधराव्या अध्यायातील आहे. तेथे शौलास राजा केल्याचा ईश्वरास अनुताप झाला, असे दोनदा (ओवी ११ व ३५) म्हटले आहे आणि त्याच अध्यायात (ओवी २९) ईश्वर मनुष्य नसल्याने त्यास अनुताप होत नाही, असेही म्हटले आहे. तिन्ही ठिकाणी मुळात एकच हिब्रू धातू वापरलेला आहे. त्याच्या अर्थच्छटांत खेद वाटणे, मन द्रवणे, सांत्वन पावणे व बेत मागे घेणे या सर्वांचा समावेश होतो. त्यामुळे भाषांतरकारास दर वेळी निवड करावी लागते. ग्रंथकाराने ही दोन्ही विधाने शेजारी शेजारी ठेवली, यावरून ती परस्परांना छेद देतात असे त्यास वाटले नसावे, असा निष्कर्ष अनेक भाष्यकारांनी काढला आहे. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायातील कुंभाराचा दृष्टान्त या संगतीची एक दिशा दाखवितो : राष्ट्र दुष्कर्मापासून वळले तर ईश्वर शिक्षा आवरतो आणि ते दुष्कर्माकडे वळले तर कृपा आवरतो. म्हणजे न्याय व दया यांचा नियम स्थिर राहतो आणि माणसाची वर्तणूक पालटल्याने त्याचे फळ पालटते.

सिद्धांताचा विकास : ग्रीक तत्त्वज्ञानात, विशेषतः प्लेटो व ॲरिस्टॉटल यांच्या विचारात, परमतत्त्व अचल मानलेले होते. अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फायलो याने पहिल्या शतकात उत्पत्तीमधील अनुतापाच्या वचनावर एक स्वतंत्र प्रबंध लिहून ती भाषा अज्ञ जनांना समजावी म्हणून योजिलेली आहे, असे प्रतिपादन केले. ख्रिस्ती आचार्यांनी हाच मार्ग पुढे चालविला. चौथ्या शतकात आरियस या धर्मगुरूच्या शिकवणीवरून जो वाद पेटला, त्यात अविकारितेचा प्रश्न मध्यवर्ती होता. पुत्र म्हणजे ख्रिस्त हा निर्माण केलेला आहे, अशी आरियसची भूमिका होती. ३२५ मध्ये भरलेल्या नायसिया येथील धर्मसभेने ती अमान्य केली आणि ईश्वरपुत्र विकारशील वा परिवर्तनीय आहे असे म्हणणाऱ्यांचा निषेध केला. ४५१ मधील कॅल्सिडन येथील धर्मसभेने ख्रिस्ताच्या ठायी दैवी व मानवी ही दोन स्वरूपे परस्परांत मिसळून न जाता व पालट न पावता एकत्र आहेत, असे सूत्र घालून दिले.

सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने काळ हा निर्मितीबरोबरच सुरू झाला, असे मानून अविकारिता व अनादित्व यांची सांगड घातली. सेंट टॉमस अक्वाय्नस (सु. १२२५–७४) याने ईश्वर हा अव्यक्त शक्यतांपासून मुक्त असे शुद्ध क्रियास्वरूप असल्याने, तसेच तो निरवयव व परिपूर्ण असल्याने त्याच्यात पालट संभवत नाही, असे तीन अंगांनी सिद्ध केले. ईश्वर व जग यांतील संबंध बदलतो तेव्हा बदल जगाच्या बाजूस होतो, हे स्पष्ट करताना त्याने खांबाचे उदाहरण घेतले आहे. देवळातील खांबास प्रदक्षिणा घालणाऱ्यास तो कधी उजवीकडे तर कधी डावीकडे दिसतो. परंतु खांब जागचा हललेला नसतो. १२१५ ची चौथी लॅटरन धर्मसभा व १८७० ची पहिली व्हॅटिकन धर्मसभा यांनी ईश्वराच्या अविकारितेचा औपचारिक उद्घोष केला. धर्मसुधारणेनंतरच्या प्रॉटेस्टंट पंथांनीही हा सिद्धांत कायम ठेवला. जॉन कॅल्व्हिन (१५०९–६४) याने ईश्वराच्या अनुतापाची भाषा ही दाईने तान्ह्याशी बोबडे बोलावे तशी मानवी आकलनास झेपेल अशी केलेली योजना होय, असे म्हटले. प्रेसबिटेरियन परंपरेतील १६४७ च्या लघु प्रश्नोत्तरावलीत ईश्वराची व्याख्या करताना अनंत, शाश्वत व अविकारी ही तीन विशेषणे त्याच्या सत्त्वास व ज्ञान, सामर्थ्य, पावित्र्य, न्याय, चांगुलपणा आणि सत्य या गुणांस लावलेली आहेत.

शास्त्रकसोटी : शिकवण पारखण्याचा आदेश बायबलमध्येच वेगवेगळ्या प्रसंगी आलेला आहे. अनुवादाच्या तेराव्या अध्यायात एखाद्या संदेष्ट्याने केलेला चमत्कार खरा ठरला, तरी तो अन्य दैवतांकडे नेत असेल तर त्याचे ऐकू नये, असे सांगितले आहे. म्हणजे चमत्कार हे सत्यतेचे अंतिम प्रमाण मानलेले नाही. यशयाच्या आठव्या अध्यायात भूतविद्येऐवजी धर्मशास्त्राकडे वळण्यास सांगितले आहे. प्रेषितांच्या कृत्यांत (१७ : ११) बिरुया येथील लोकांनी पौलाचा उपदेश उत्सुकतेने ऐकला आणि तो तसाच आहे की काय हे पाहण्यासाठी ते दररोज शास्त्रग्रंथ धुंडाळीत, म्हणून त्यांची प्रशंसा केलेली आहे. येथे परीक्षा खुद्द प्रेषिताच्या शिकवणीची होत होती, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (१ : ८) पौल स्वतःलाही यातून वगळीत नाही : आपण वा स्वर्गातील दूताने वेगळी सुवार्ता सांगितली तरी ती त्याज्य समजावी, असे तो बजावतो. थेस्सलनीकाकरांस (१ ले पत्र, ५ : २१) सर्व गोष्टींची पारख करून चांगले ते धरण्याचा उपदेश आहे आणि योहानाच्या पहिल्या पत्रात (४ : १) आत्म्यांची परीक्षा करण्यास सांगितले आहे.

ही कसोटी कोणी व कशी लावावयाची, यासंबंधी मात्र पंथभेद आहेत. मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याने धर्मसभा व पोप यांच्या हातूनही चुका घडू शकतात, म्हणून शास्त्र हेच अंतिम प्रमाण होय, अशी भूमिका घेतली. शास्त्रातील दुर्बोध स्थळांचा अर्थ शास्त्रातीलच सुबोध स्थळांवरून लावावा, हा प्रॉटेस्टंट भाष्यपद्धतीचा नियम झाला. ट्रेंट येथील धर्मसभेने १५४६ मध्ये लिखित शास्त्राबरोबरच प्रेषितांपासून चालत आलेल्या परंपरेसही आदरणीय मानले. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेच्या १९६५ मधील दस्तऐवजात धर्मसंस्थेचा अध्यापनाधिकार हा ईश्वरी वचनाच्या वर नसून त्याची सेवा करणारा आहे, असे स्पष्ट करण्यात आले.

शब्दाशी शब्द ताडून पाहणे एवढ्याने ही परीक्षा पुरी होत नाही, हे आरियसच्या वादातच दिसून आले होते. आरियसचे अनुयायीही बायबलमधील वचनेच पुढे करीत. उलट नायसिया येथे स्वीकारलेला ‘एकसत्त्व’ या अर्थाचा ग्रीक शब्द बायबलमध्ये कोठेही आलेला नाही. वचनांचा समग्र अभिप्राय राखण्यासाठी कधी कधी ग्रंथाबाहेरील शब्द घ्यावा लागतो, असे अथनेशियससारख्या आचार्यांचे म्हणणे होते. एकटे वचन संदर्भापासून तोडून घेतल्यास परस्परविरुद्ध मते सिद्ध करता येतात. म्हणून प्रसंग, वाङ्‌मयप्रकार, मूळ भाषेतील अर्थ व संपूर्ण ग्रंथाचा ओघ यांचा विचार या कसोटीचाच भाग मानला जातो.

महाराष्ट्रातील प्रारंभीचे वाद : मराठीत ख्रिस्ती ईश्वरविद्येचा पहिला मोठा आविष्कार म्हणजे फादर टॉमस स्टीफन्स यांचे गोव्यात १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले ख्रिस्तपुराण हे ओवीबद्ध काव्य होय. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथात बायबलमधील कथा श्रोत्याच्या शंका व गुरूंची उत्तरे अशा पद्धतीने सांगितल्या आहेत. सर्वसामान्य श्रद्धावंताच्या हाती बायबलच नसल्यामुळे त्या काळी परीक्षेचा अधिकार अर्थातच धर्मसंस्थेकडे होता. श्रीरामपूर येथील मिशनऱ्यांनी १८११ मध्ये मराठी नवा करार छापला. मुंबईतील अमेरिकन मिशनऱ्यांचा नवा करार १८२६ मध्ये निघाला आणि संपूर्ण मराठी बायबल १८४७ मध्ये उपलब्ध झाले. यामुळे ग्रंथ तपासण्याची सोय केवळ ख्रिस्ती झालेल्यांनाच नव्हे, तर त्यांच्या प्रतिपक्षासही झाली.

१८३१ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन व मोरभट दांडेकर यांच्यात जाहीर वाद झाला. मोरभटांनी हिंदुधर्मस्थापना हे पुस्तक लिहिले व विल्सन यांनी त्यास उत्तर दिले. पुढे साताऱ्याचे नारायणराव यांनी या वादात उडी घेतली. त्यांच्या लेखनास उत्तर म्हणून विल्सन यांनी १८३४ मध्ये आपले दुसरे खंडनपर पुस्तक प्रसिद्ध केले. उत्तरेत जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये मतपरीक्षा हा संस्कृत ग्रंथ लिहून खऱ्या शास्त्राच्या परीक्षेसाठी प्रवर्तकाचे चमत्कारसामर्थ्य, ग्रंथाचे पावित्र्य व त्याची सार्वत्रिकता ही गमके सुचविली. त्यास उत्तरे देणाऱ्यांत सुबाजी बापू व नीलकंठशास्त्री गोऱ्हे हे दोघे महाराष्ट्रीय पंडित होते. शास्त्राची परीक्षा शास्त्राबाहेरील गमकांनी करता येते काय, हाच मुळी त्यांच्यातील वादविषय होता. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी (१८२५–७१) यांनी मिशनऱ्यांशी केलेले वादही प्रसिद्ध आहेत.

नीलकंठशास्त्री गोऱ्हे : (१८२५–९५). झाशीजवळ जन्मलेल्या व काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने १८४४-४५ च्या सुमारास शास्त्रतत्त्वविनिर्णय हा ख्रिस्ती मताचे खंडन करणारा संस्कृत ग्रंथ रचला. न्यायी व दयाळू ईश्वर मर्यादित पापासाठी अनंतकाळची शिक्षा कशी देईल, हा त्यातील एक प्रमुख आक्षेप होता. मार्च १८४८ मध्ये त्यांनी जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला. १८६० मधील षड्‌दर्शनदर्पण या हिंदी ग्रंथात त्यांनी सहा दर्शनांची चिकित्सा केली. निर्गुण ब्रह्मास ज्ञान, इच्छा व कर्तृत्व यांपासून अलिप्त मानले, तर त्याची अविकारिता ही केवळ शून्यतेसारखी ठरते, असा त्यांच्या वेदान्तखंडनाचा रोख आहे. ईश्वर अविकारी असूनही जाणता व प्रेमळ असला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. उत्तरायुष्यात ते अँग्लिकन पंथातील उच्चचर्चीय परंपरेकडे वळले आणि शास्त्राचा अर्थ प्राचीन धर्मसंस्थेच्या एकमताने लावावा, असे मानू लागले. शंका हा त्यांच्या स्वभावाचा स्थायिभाव होता. म्हणूनच व्यक्तीच्या बुद्धीपेक्षा परंपरेचा आधार त्यांना अधिक भक्कम वाटला.

पंडिता रमाबाई : (१८५८–१९२२). संस्कृत विद्येत पारंगत असलेल्या रमाबाईंचा १८८२ मध्ये पुण्यात प्रार्थनासमाजाच्या नेत्यांशी निकटचा संबंध आला. कोणताही एक ग्रंथ संपूर्णतया ईश्वरप्रणीत व निर्दोष मानू नये, ही त्या समाजाची भूमिका होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी इंग्लंडमधील वाँटेज येथे आपली कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. या निर्णयात गोऱ्हे यांच्या लेखनाचाही वाटा होता. मात्र त्यानंतर लवकरच त्यांचा आपल्या मार्गदर्शक भगिनी जेराल्डीन व चेल्टनम येथील प्राचार्या डॉरोथिया बील यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार सुरू झाला. त्रैक्य, ख्रिस्ताचे ईश्वरत्व व धर्मसंस्थेचा अधिकार या विषयांवर त्यांनी परखड प्रश्न विचारले. जे बायबलमध्ये स्पष्टपणे सापडते ते आपण मानू, परंतु पंथाच्या अधिकाऱ्यांनी ठरविले म्हणून मानणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. भगिनी जेराल्डीन यांना तो अहंकार वाटला. रमाबाईंच्या दृष्टीने तो सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता. एका धर्मातील पुरोहितांची सत्ता सोडून दुसऱ्या धर्मातील पुरोहितांची सत्ता विनापरीक्षा पत्करण्यास त्या तयार नव्हत्या. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

पुढील आयुष्यात ख्रिस्ताच्या ईश्वरत्वावरील रमाबाईंची श्रद्धा दृढ झाली. परंतु ती आपल्या वाचनातून व अनुभवातून झाली असे त्या मानीत आणि कोणत्याही एका पंथाशी त्यांनी स्वतःस बांधून घेतले नाही. केडगाव येथील मुक्तिसदनात १९०५ मध्ये धार्मिक पुनरुज्जीवनाची मोठी लाट आली. मुली तासन्‌तास प्रार्थना करीत, मोठ्याने रडत, काही जणी अपरिचित भाषांत बोलत. हा पवित्र आत्म्याचा प्रभाव की केवळ भावनोद्रेक, असा प्रश्न मिशनरी वर्तुळांत उपस्थित झाला. रमाबाईंनी या चळवळीचा पुरस्कार केला. आत्म्यांची परीक्षा करण्याचा योहानाच्या पत्रातील आदेश येथे प्रत्यक्ष व्यवहारात उतरला होता. बाह्य लक्षणांपेक्षा आचरणात घडणारा पालट हे गमक धरावे, असे या चळवळीच्या पाठीराख्यांचे म्हणणे होते.

शास्त्राची कसोटी सर्वांनी लावावयाची, तर शास्त्र सर्वांना समजले पाहिजे. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर असून मुक्तिसदनातील अल्पशिक्षित स्त्रियांना ती कठीण जाते, असे रमाबाईंस वाटले. म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सोप्या मराठीत स्वतंत्र भाषांतर हाती घेतले. नवा करार १९१३ मध्ये व संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची छपाई मुक्तिसदनाच्या मुद्रणालयात तेथील स्त्रियांनीच केली. एका स्त्रीने मूळ भाषांवरून केलेले हे संपूर्ण बायबलचे भाषांतर अनेक दृष्टींनी असामान्य आहे. गोऱ्हे व रमाबाई हे दोघेही शास्त्रीपरंपरेतून आलेले. तरी एकाने धर्मसंस्थेच्या एकमतात व दुसरीने मूळ ग्रंथाच्या वाचनात प्रामाण्य शोधले, हे लक्षणीय आहे. दोघांचीही ईश्वराच्या सत्यप्रतिज्ञतेवर सारखीच निष्ठा होती.

बेळगाव येथे जन्मलेले बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी नव्या करारावर मराठीत टीका लिहून वाचकास शास्त्रार्थाचे साधन उपलब्ध करून दिले. कवी नारायण वामन टिळक यांनी आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशाने दिलेल्या नव्या कराराच्या वाचनातून ख्रिस्ताचा परिचय करून घेतला व १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या सेवेतून मुक्त होऊन ‘देवाचा दरबार’ ही पंथभेदापलीकडील संघटना उभारण्याचा प्रयत्न केला. महात्मा जोतीराव फुले यांच्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक (१८९१) या ग्रंथात निर्मिकाची कल्पना आहे. परंतु कोणत्याही एका धर्मग्रंथात संपूर्ण सत्य आहे, हे त्यांना मान्य नव्हते. शास्त्राने शिकवणीची परीक्षा करावी, या मतासमोर शास्त्राचीही परीक्षा करावी, हे मत महाराष्ट्रात अशा रीतीने प्रथमपासून उभे राहिले.

दक्षिण महाराष्ट्र : विटा हे खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते, त्या वर्षी झालेल्या विभाजनानंतर ते दक्षिण सातारा जिल्ह्यात आले व १९६० मध्ये या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. या भागाच्या वायव्येस सातारा परिसरात काँग्रिगेशनल परंपरेच्या अमेरिकन मराठी मिशनचे, तर दक्षिणेस कोल्हापूर, सांगली व मिरज येथे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे कार्य होते. कोल्हापूर येथील कार्य रॉयल गूल्ड वाइल्डर यांनी १८५२ मध्ये सुरू केले. १८७० मध्ये ते प्रेसबिटेरियन मंडळाकडे आले व १८८४ मध्ये सांगली येथे केंद्र स्थापन झाले. मिरज येथे विल्यम वॉन्लेस यांनी उभारलेल्या रुग्णालयामुळे ते गाव पुढे वैद्यकीय केंद्र म्हणून प्रसिद्धीस आले. दोन्ही मिशनांचा वारसा कॅल्व्हिनच्या परंपरेचा असल्याने ईश्वराच्या अविकारितेचा व शास्त्राच्या सर्वोच्च प्रामाण्याचा पाठ या भागातील मंडळ्यांच्या शिक्षणात अनुस्यूत होता. काँग्रिगेशनल परंपरेत स्थानिक मंडळीस, तर प्रेसबिटेरियन परंपरेत वडिलांच्या सभेस निर्णयाचा अधिकार असतो. म्हणजे कसोटी एकच असली, तरी ती लावणारी संस्था भिन्न होती. १९२४ मध्ये या दोन्ही परंपरा उत्तर भारतातील संयुक्त चर्चमध्ये एकत्र आल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतीय चर्च (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन होऊन अँग्लिकन व इतर काही पंथही त्यात सामील झाले. भिन्न परंपरांच्या या एकीकरणात बायबल हे श्रद्धेचे सर्वोच्च प्रमाण व प्रेषितांचा आणि नायसियाचा मतांगीकार हे त्याचे साक्षीदार, असे सूत्र स्वीकारण्यात आले.

आधुनिक चिकित्सा : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन ईश्वरविद्यावेत्ते इझाक डॉर्नर (१८०९–८४) यांनी ईश्वराची अविकारिता ही सत्त्वाच्या निश्चलतेपेक्षा त्याच्या नैतिक स्वरूपाच्या, म्हणजे पवित्र प्रेमाच्या स्थिरतेत शोधावी, असे सुचविले. कार्ल बार्थ (१८८६–१९६८) यांनीही अचलतेऐवजी एकनिष्ठता या कल्पनेवर भर दिला. ॲल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांच्या १९२९ मधील ग्रंथापासून प्रेरणा घेणाऱ्या प्रक्रियावादी ईश्वरविद्येने ईश्वराच्या एका अंगात जगाबरोबर विकास होतो, असे मानले. दुसऱ्या महायुद्धाच्या अनुभवानंतर जपानी विचारवंत काझो कितामोरी (१९४६) व जर्मन ईश्वरविद्यावेत्ते युर्गेन मोल्टमान (१९७२) यांनी ईश्वर मानवाच्या वेदनेत सहभागी होतो, या विचारास प्राधान्य दिले. या सर्वांचा आक्षेप असा, की पारंपरिक सिद्धांतात बायबलपेक्षा ग्रीक तत्त्वज्ञानाचाच अंश अधिक आहे. म्हणजे शास्त्रकसोटी लावली असता तो पूर्णपणे टिकत नाही. परंपरेचे समर्थक यास उत्तर देतात, की मानवी दुःखाने विचलित होणारा ईश्वर सहानुभूती दाखवू शकेल, परंतु त्या दुःखाचा निश्चित अंत करण्याचे आश्वासन देऊ शकणार नाही. शिवाय अविकारी म्हणजे भावशून्य नव्हे, तर ज्याच्या प्रेमास ओहोटी लागत नाही असा.

या वादाचे व्यावहारिक महत्त्व प्रार्थनेच्या प्रश्नात स्पष्ट होते. ईश्वराचा संकल्प पालटत नसेल, तर प्रार्थना व्यर्थ होय, असा आक्षेप घेण्यात येतो. त्यावर पारंपरिक उत्तर असे, की शेतकऱ्याची पेरणी जशी पिकाच्या नियमातच अंतर्भूत असते, तशी प्रार्थनाही ईश्वरी संकल्पात साधन म्हणून अंतर्भूत आहे. नियम स्थिर आहे, म्हणूनच पेरणीस अर्थ आहे. धर्मांतरामुळे घरदार व जात यांना मुकलेल्या एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या दृष्टीने तर ईश्वराचे वचन न पालटणारे असणे हा जीवनाधाराचा प्रश्न होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रोगमुक्ती व ऐहिक समृद्धी यांची हमी देणाऱ्या उपदेशाचा प्रसार जगात सर्वत्र झाल्याने शास्त्रकसोटीचा प्रश्न पुन्हा महत्त्वाचा ठरला आहे. चमत्काराचा दावा, उपदेशकाचे वक्तृत्व वा अनुयायांची संख्या यांवरून शिकवणीचे सत्यत्व ठरविता येत नाही, हा अनुवाद व प्रेषितांची कृत्ये यांतील नियम अशा वेळी स्मरला जातो. त्याबरोबरच सुबोध भाषांतरांची गरजही कायम राहिली आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या सुबोध बायबल – नवा करार या मराठी ग्रंथास २०१३ चा साहित्य अकादेमी अनुवाद पुरस्कार मिळाला, हे त्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. ईश्वर अविकारी असला, तरी त्याविषयीचे मानवी आकलन अपुरे व सुधारणीय असते. म्हणून स्थिर वचनाच्या आधारे अस्थिर शिकवणीची पुनःपुन्हा पारख करणे, हा या दोन तत्त्वांचा एकत्रित अर्थ होय.